मुनरो बेटावरची पहाट आणि कायाकमध्ये शिरलेलं पाणी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं केरळात कोल्लमजवळच्या मुनरो बेटावर गेलो होतो, तिथले लोक मुनरोतुरुत्तू म्हणतात. तिथे पहाटेच्या कायाकिंग ट्रिपमध्ये जे झालं ते सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. अपघात नाही झाला, कोणी पाण्यात पडलं नाही, पण पडू शकलो असतो, आणि का पडलो असतो हे मला नंतर नीट कळलं. हल्ली घरातली वयस्कर माणसं, मुलं घेऊन अशा ट्रिपला जाणारे खूप आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी माणसं सांगते. मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि माझे सासरे, अप्पा, वय ६७. अप्पांचं लहानपण दाभोळ खाडीकाठच्या गावात गेलं, शाळेला जाताना होडी, बाजाराला जाताना होडी, वल्हं मारायला ते दहाव्या वर्षी शिकले. नंतर नोकरीत चिपळूणला आले आणि होडी सुटली ती सुटलीच. ही ट्रिप खरं तर त्यांच्यासाठीच होती. चिपळूणहून नेत्रावती एक्सप्रेस पकडली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोल्लमला उतरलो, आणि तिथून पंचवीसेक किलोमीटर गाडीने बेटावर.

जागा जरा समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अष्टमुडी कायल म्हणजे शाळेच्या भूगोलात आपण 'खाजण' शिकलो ते, समुद्राला एका तोंडाने जोडलेलं खारट-मचूळ पाण्याचं सरोवर. आमच्याकडे कोकणात खाजण म्हटलं की भरतीच्या पाण्याखाली जाणारी चिखलाची जमीन डोळ्यासमोर येते, पण पुस्तकातलं खाजण हे. आकाराने वेंबनाडच्या खालोखाल केरळात दुसऱ्या नंबरचं, साधारण ६१ चौरस किलोमीटर, २००२ पासून रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, आणि नींदकरा इथे समुद्राला मिळतं. कल्लडा नदी जिथे या कायलमध्ये येऊन मिळते तिथे नदीने आणलेल्या गाळाची बेटं तयार झाली, तेच मुनरो बेट. नाव एका ब्रिटिश अधिकाऱ्याचं, कर्नल जॉन मुनरो, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रावणकोर संस्थानात रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, आणि काही वर्षं दिवाणही होता. बेटांच्या मधून बारीक बारीक कालवे जातात, काही इतके अरुंद की कायाकच्या दोन्ही बाजूंना वल्हं काठाला लागतं. त्यावर लोकांनी ये-जा करायला बांधलेले बुटके पूल आहेत, भरतीला त्यांच्याखालून जाताना अक्षरशः मान गुडघ्यात घालावी लागते.

सूर्य त्या दिवसांत तिथे पावणेसातच्या आसपास उगवतो. आम्हाला पावणेसहाला धक्क्यावर बोलावलं होतं. आमच्या दोन दोनसीटर कायाक, एक तरुण जोडपं होतं त्यांची तिसरी, आणि गाईड एकटा त्याच्या लहान कायाकमध्ये, म्हणजे तीन होड्यांना एक माणूस. गाईड तिशीच्या आतला, त्याच बेटावर जन्मलेला, हिंदी मोडकी पण समजेल अशी. सगळे त्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणत होते, आम्हीही म्हणायला लागलो. त्याने लाइफ जॅकेट स्वतः प्रत्येकाला घालून दिलं, अप्पांनी पोटावर घट्ट होतं म्हणून खालचं बक्कल सोडलं होतं ते त्याने परत लावलं आणि पट्टा ढिला करून दिला. मोबाईल सगळ्यांचे एका ड्रायबॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. मग पाच मिनिटं सूचना. त्यातली एक सूचना नीट लक्षात ठेवा, कारण घोटाळा तिथूनच सुरू झाला. तो म्हणाला, बसायच्या जागी पाणी येईल, कपडे ओले होतील, घाबरू नका, नॉर्मल आहे.

आणि ते खरंच नॉर्मल असतं. या कायाक म्हणजे आतून पूर्ण पोकळ असलेली प्लॅस्टिकची होडी, आपण तिच्या पोटात बसत नाही, वर बसतो. बसायच्या खळग्यात वरपासून खालपर्यंत आरपार भोकं असतात, वल्ह्याचं किंवा लाटेचं पाणी आत पडलं की त्या भोकांतून खाली निघून जातं, आणि वजन जास्त असेल तर थोडं खालून वरही येतं. पण पोकळ पोट सगळीकडून बंद असतं, त्यात पाणी जाता कामा नये. तरी घासून, तडकून थोडंफार जातंच, म्हणून मागच्या टोकाला एक स्क्रूचा बूच असतो, संध्याकाळी तो काढायचा, होडी उभी करून पाणी ओतून टाकायचं आणि परत घट्ट लावायचा. म्हणजे पाणी दोन जागी असू शकतं, सीटखाली आणि पोटात. सीटखालचं पाणी दिसतं आणि त्याने काही बिघडत नाही. पोटातलं दिसत नाही. आम्हाला सूचना मिळाली होती फक्त दिसणाऱ्या पाण्याची.

अप्पा पुढे, मी मागे, कारण मागच्याने दिशा सांभाळायची असते आणि गाईडला वाटलं मी सांभाळीन. सहा वाजून पाच मिनिटांनी पाण्यात. अंधार होता, गाईडच्या कपाळावर दिवा, कालव्याच्या दोन्ही बाजूंना माड, एखाद्या घरात स्वयंपाकघराचा दिवा लागलेला, कुठेतरी नारळाची सोडणं भिजत घातल्याचा तो कुबट वास, जो अप्पांनी लगेच ओळखला. पहिली वीस मिनिटं इतकी छान गेली की मी आयुष्यात विसरणार नाही. अप्पा वल्हं मारत होते आणि त्यांची लय बसली होती, माझीच सारखी चुकत होती, माझं वल्हं त्यांच्या वल्ह्यावर आपटायचं. पहिला बुटका पूल आला तेव्हा भरती उतरायला लागली होती तरी वाकावं लागलं, पुलाच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या शिंपल्या डोक्यावरून गेल्या.

साधारण साडेसहाला अप्पा म्हणाले, "अगं, होडी जड झालीय. पाणी घेतेय ही."

मी म्हटलं, "अप्पा, ते पाणी असतंच. त्याने सांगितलं ना मगाशी."

"खालचं नाही म्हणत मी. वल्हं मारलं तरी पुढे सरकत नाही. आणि तोंड बघ कसं वर आलंय."

मी पुढे बघितलं, पण अंधुक उजेडात मला काही वेगळं दिसलं नाही, किंवा खरं सांगायचं तर मी बघायचं म्हणून बघितलं. माझ्या मनात एवढंच आलं की दमले असतील, वय झालंय, चाळीस वर्षांनी वल्हं हातात घेतलंय. मी म्हटलं, तुम्ही थांबा थोडं, मी मारते. ते थांबले, काही बोलले नाहीत. हे मला आजही लागतं. त्यांना त्या पाण्यातलं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं, आणि मी पाच मिनिटांच्या सूचनेवर विसंबून त्यांना गप्प केलं.

नंतर आम्ही दोघं मागे पडायला लागलो. होडी सारखी डावीकडे वळत होती, मी डावीकडून मारून मारून थकले, मला वाटलं माझीच चूक होतेय. माझ्या पायाशी पाणी आधी घोट्याच्या खाली होतं ते वर आलं, पण ओलं होणारच म्हणून सांगितलेलं होतं, त्यामुळे मी तेही सोडून दिलं.

कालव्यातून कायलमध्ये बाहेर पडलो तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलं होतं. वारा अजिबात नाही, समुद्रावरचा वारा तिथे उशिरा सुटतो, म्हणूनच या ट्रिपा पहाटे काढतात. पाणी सपाट, त्यावर हातभर उंचीचं धुकं, दूर चिनी जाळ्यांचे बांबू, एक माणूस छातीभर पाण्यात उभा राहून पायाने शिंपल्या चाचपत होता. अष्टमुडीच्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ साली टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं, हे गाईडने आदल्या संध्याकाळी अभिमानाने सांगितलं होतं. मग माडांच्या शेंड्यांच्या रेषेतून सूर्य वर आला, आधी एक लाल टिकली, मग अर्धा, आणि पाण्यावर त्याची पट्टी थेट आमच्यापर्यंत येऊन पोचली. त्याच वेळी लांबून रेल्वे गेली पेरुमनच्या पुलावरून. त्या पुलाचं नाव कानावर पडलं की तिथली माणसं जरा थांबतात. ८ जुलै १९८८ ला आयलंड एक्सप्रेसचे डबे तिथून याच कायलमध्ये कोसळले, १०५ माणसं गेली. गाईडने वल्हं मांडीवर ठेवलं, गाडी जाईपर्यंत बोलला नाही, मग मागे वळून सगळ्यांना मोजायला लागला.

आणि मोजता मोजता त्याची नजर आमच्या होडीवर थांबली. उजेड झाल्यावर बघितलेलं हे पहिलंच. त्याने काही ओरडून सांगितलं नाही. सरळ आमच्या उजव्या बाजूला येऊन लागला, स्वतःचं वल्हं दोन्ही होड्यांवर आडवं टाकलं आणि अप्पांना म्हणाला, हे धरा, सोडू नका. मला म्हणाला, दीदी, मागे वळायचं नाही, हलायचं नाही, फक्त बसा. मग वाकून माझ्या पाठीमागे हात घातला आणि मळ्याळममध्ये काहीतरी पुटपुटला.

बूच अर्धाच बसला होता, दोन आटे फिरवून सोडून दिलेला, आणि आतला रबरी वायसर जागेवरच नव्हता.

आता यात काय होतं ते मी नंतर त्याच्याकडून दोनदा समजून घेतलं. होडी रिकामी असताना बूच पाण्याच्या वर असतो, त्यामुळे धक्क्यावर काही कळत नाही. दोन माणसं बसली की मागचं टोक खाली जातं आणि बूच बरोबर पाण्याच्या पातळीला येतो. थेंब थेंब पाणी आत जातं, त्याने मागचं टोक अजून खाली, बूच पूर्ण पाण्याखाली, मग थेंबाची धार होते. म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत काहीच वाटत नाही आणि नंतरच्या वीस मिनिटांत झपाट्याने बिघडतं. आमचं दोघांचं वजन मिळून १३९ किलो, होडी २०० किलो वजन पेलणारी, त्यामुळे आणखी पन्नास किलो पाण्याने ती लगेच बुडाली नसती. पण बुडण्याच्या कितीतरी आधी ती कलंडते. मोठ्या परातीत दोन तांबे पाणी घालून ती दोन्ही हातांत धरून चालून बघा, पाणी ज्या बाजूला जातं तिकडेच परात ओढते. होडीच्या पोटात मोकळं पाणी हेच करतं, तुम्ही डावीकडे किंचित झुकलात की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तुमचा झोक दुप्पट करतं. होडी सरळ का जात नव्हती त्याचं उत्तर हेच, माझं वल्हं चुकत नव्हतं. आणि मी जर काय झालं म्हणून मागे वळून बघितलं असतं तर बहुतेक दोघंही पाण्यात गेलो असतो.

त्याने ड्रायबॅगमधून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला, बुचाच्या आट्यांभोवती गुंडाळला आणि दाबून फिरवला. धार थांबली. मग नवऱ्याला आणि मुलीला आमच्या डाव्या बाजूला लावलं, तिन्ही होड्या एकमेकींना चिकटवून मिनिटभर तसंच राहायला सांगितलं, सगळ्यांचा श्वास खाली बसू दिला. नंतर कमरेच्या दोरीने आमची होडी बांधून ओढत सगळ्यात जवळच्या बांधावर नेली. तिथे पूर्वी भातशेती होती, आता त्या तुकड्यात मासे वाढवतात, त्याचा हा मातीचा बांध. धक्का एक किलोमीटर लांब होता, बांध दीडशे मीटर. तो जवळच्या जमिनीकडे गेला, ओळखीच्या जागेकडे नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बांधावर होडी उभी केली, बूच काढला, आणि पाणी पडायला लागलं ते पडतच राहिलं. मुलगी मोजत होती, तिने नव्वदपर्यंत मोजलं. चांगल्या दोन बादल्या पाणी असेल, चाळीसेक लिटर, म्हणजे पाऊण तास आम्ही होडीत तिसरं माणूस घेऊन फिरत होतो. अप्पा बाजूला उभे राहून बघत होते. मी त्यांना म्हटलं, अप्पा, तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. ते म्हणाले, "तुला कसं कळणार, तुझ्या हाताला ती होडी कधी हलकी लागलीच नव्हती." आणि गाईडला हिंदीत विचारलं, वायसर कुठाय.

गाईडने कोणावर ढकललं नाही. आदल्या संध्याकाळी मदतीला असलेल्या मुलाने होड्या रिकाम्या करून बूच परत लावले होते, पण सकाळी प्रत्येक बूच हाताने फिरवून बघायचा हे काम माझं, आणि आज अंधारात मी तुमच्या होडीचा बघितला नाही, असं तो सरळ म्हणाला. जॅकेट तपासली, माणसं तपासली, होडी राहिली.

यानंतरचा निर्णय हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग, असं मला वाटतं. ठरलेल्या मार्गात अजून खारफुटीचा बोगदा होता, ज्याचे फोटो बघूनच बहुतेक लोक येतात, आणि त्यासाठी उघडं पाणी ओलांडायला लागणार होतं. आमची होडी आता रिकामी आणि ट्यूब लावून तात्पुरती ठीक होती. त्या तरुण जोडप्याला जायचंच होतं, पैसे भरलेत, त्यांची होडी चांगली आहे, आमच्यामुळे त्यांनी का सोडायचं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण गाईड एकटा. तो त्यांच्याबरोबर गेला तर आम्ही ट्यूबच्या भरवशावर, तो आमच्याबरोबर राहिला तर ते दोघं एकटे उघड्या पाण्यात. त्याने दोन मिनिटं पाण्याकडे बघितलं, आणि म्हणाला सगळे परत, आतल्या कालव्याने, जिथे दोन्ही काठ हाताशी आहेत आणि बऱ्याच ठिकाणी पाणी कमरेएवढं आहे. बोगदा उद्या, पैसे न घेता. जोडपं नाराज झालं, त्यांची दुपारची गाडी होती, त्यांना उद्या नव्हताच. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, तरीही निर्णय बरोबरच होता. एका गाईडने गट फोडायचा नाही, यात मध्यममार्ग नसतो.

परतीला त्याने मला पुढे बसवलं आणि अप्पांना मागे. खरं तर सुरुवातीलाच त्याने विचारायला हवं होतं की वल्हं कोणाला येतं, आणि आम्हीही सांगायला हवं होतं. आमच्या डोक्यात म्हातारा माणूस म्हणजे सांभाळून न्यायचा माणूस. होडी सरळ रेषेत चालली, मला फक्त त्यांच्या लयीत मारायचं होतं. वाटेत ते आणि गाईड बोलत होते, भरती-ओहोटीबद्दल. अप्पांना नवल वाटत होतं की इथे मीटरभरही फरक पडत नाही, आमच्या खाडीत अमावस्या-पौर्णिमेला दोन-अडीच मीटर सहज पडतो. गाईड म्हणाला, हो, पण आमच्याकडे तेवढंच घरात येतं. वाटेत त्याचं घर लागलं, भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत खाऱ्या पाण्याची पांढरी रेघ, दोनदा उंच केलेली जमीन. नोव्हेंबर-डिसेंबरात मोठी भरती, ते वेलियेट्टम म्हणतात, स्वयंपाकघरापर्यंत येते. वर तेनमलाला धरण झाल्यापासून नदी पूर्वीसारखा गाळ आणत नाही, आणि २००४ च्या सुनामीनंतर पाणी जास्त चढायला लागलं, असं बेटावरचे लोक सांगतात. कितीतरी कुटुंबं बेट सोडून गेलीत. त्याच्या आईने आम्हाला काठावरूनच हात केला.

साडेआठला धक्क्यावर पोचलो. हॉटेल किंवा होमस्टे वगैरेंची नावं मी देत नाही, कारण चूक एका सकाळची होती आणि ती झाकली गेली नाही. पण कोणी अशा ट्रिपला जाणार असेल तर पाण्यात उतरायच्या आधी होडीच्या मागच्या टोकाला जा, बूच स्वतःच्या बोटांनी फिरवून बघा, होडी हलवून आत पाण्याचा आवाज येतो का ऐका. दहा सेकंदांचं काम आहे. आणि पाण्यात असताना होडी जड लागली, पुढचं टोक वर आलं, एकाच बाजूला ओढायला लागली किंवा सीटखालचं पाणी वाढतच गेलं, तर लाजू नका, लगेच गाईडला हाक मारा. तोपर्यंत मागे वळू नका, उभे तर अजिबात राहू नका. एक अजून, बुकिंग करताना किती होड्यांमागे एक गाईड ते विचारा. तीन होड्या एकाच्या नजरेत मावतात, पण काही झालं तर दोन होड्यांना कोणी नसतं, हे आम्ही बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही परत गेलो. या वेळी गाईडबरोबर दुसरा एक जण होता. नवे वायसर आणले होते आणि प्रत्येक बूच नायलॉनच्या दोरीने होडीला बांधलेला, म्हणजे काढला तरी हरवणार नाही. अप्पा लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून एकेका होडीच्या मागे वाकले, पाचही बूच फिरवून बघितले, एक अर्धा आटा अजून आवळला, आणि गाईड टॉर्च धरून उभा राहिला. मग आम्ही खारफुटीचा बोगदा बघून आलो, दोन तास पाण्यात होतो. परत आल्यावर अप्पांनी आमच्या होडीचा बूच स्वतः काढला. आतून जेमतेम वाटीभर पाणी निघालं.